जुन्या कॉलेजची इमारत कलेसाठी खुली करताना

कॉलेज गावाबाहेरच्या नव्या आवारात हलतं आणि भर वस्तीतली दगडी इमारत मागे राहते. काही वर्षं परीक्षा केंद्र म्हणून ती अधूनमधून उघडते, मग तेही बंद होतं. वर्गांमध्ये मोडके बाक, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, पारव्यांची घरटी. मग माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात कधीतरी विषय निघतो की इथे नाटकाच्या तालमी होतील, चित्रप्रदर्शनं भरतील, गाण्याचे वर्ग चालतील, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना अभ्यासिका मिळेल. विचार उत्तम आहे आणि तडीस नेण्याजोगा आहे. तालुक्याच्या गावात हौशी नाट्यसंस्थेला तालमीसाठी जागा मिळवणं किती कठीण झालंय, हे राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या कोणालाही विचारा. अशा बैठकीला बसणाऱ्या संस्थाचालकांसाठी, माजी विद्यार्थ्यांसाठी आणि कलावंतांसाठी हे लिहिलं आहे.

अशा कामाची पहिली बैठक बहुतेक वेळा वास्तुविशारदाबरोबर होते, आणि गाडं तिथेच चुकतं. दुरुस्ती कशी करायची हे ठरवण्याआधी इमारत कोण चालवणार हे ठरलं पाहिजे. सकाळी कुलूप कोण उघडणार, रात्री दिवे कोण मालवणार, विजेचं बिल कोणाच्या नावावर येणार, तालमीसाठी खोली मागायला आलेल्याला होय किंवा नाही कोण सांगणार. ही उत्तरं कागदावर उतरल्यावरच परांची बांधा. उलट्या क्रमाने झालेल्या कामांचा शेवट बहुधा सारखाच होतो. थाटात उद्घाटन होतं, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात गेटला पुन्हा साखळी लागते.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातलं समरहॉल या दृष्टीने मुद्दाम अभ्यासावं. विल्यम डिक या नालबंदाच्या मुलाने १८२३ साली सुरू केलेलं पशुवैद्यकीय विद्यालय पुढे एडिंबरा विद्यापीठाचा भाग झालं. १९१६पासून ते समरहॉलच्या इमारतीत होतं. २०११मध्ये विद्यालय शहराबाहेर ईस्टर बुश इथे गेलं. रॉबर्ट मॅक्डॉवेल यांनी ती इमारत विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या फ्रिंज महोत्सवात तिथे नाटकांचे प्रयोग लावले. लहानमोठ्या मिळून सुमारे पाचशे खोल्या. एवढी वास्तू आधी आरपार नवी करून मग लोकांना बोलवायचं ठरवलं असतं, तर पहिला प्रेक्षक यायला कित्येक वर्षं लागली असती. तिथे ज्या खोल्या चालण्याजोग्या होत्या त्या आधी चालू झाल्या.

त्यातही शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे कोणत्या खोलीला कोणतं काम दिलं ती. शरीररचनेचा जुना व्याख्यानवर्ग पाहा. मेजावर ठेवलेला नमुना शेवटच्या रांगेतल्या विद्यार्थ्यालाही वरून दिसावा म्हणून त्यातल्या बैठका उभ्या चढत गेलेल्या आहेत. छोट्या नाटकाला याहून चांगली रचना मुद्दाम बांधूनही मिळायची नाही. नट आणि प्रेक्षक यांच्यात हाताचं अंतर राहतं आणि कुजबुज शेवटपर्यंत पोचते. जिथे विच्छेदन चालायचं त्या दालनात आता संगीताच्या मैफली होतात आणि त्याचं नावही ‘डिसेक्शन रूम’ असंच ठेवलंय. कुत्रे ठेवायच्या जुन्या खोल्यांत २०१३मध्ये पिकरिंग्ज या जिनची भट्टी लागली; १९४७ साली मुंबईत लिहिलेल्या एका कृतीवरून ती जिन बनते, असं कंपनी सांगते. विद्यालयाचा मनोरा तंत्रज्ञानातल्या नव्या कंपन्यांना कचेऱ्यांसाठी गेला. नाटक, मैफल, कचेऱ्या आणि भट्टी एकाच आवारात असल्यामुळे भाडं देणारे आणि भाडं न परवडणारे शेजारी झाले. आपल्याकडे जिनच्या जागी कॅन्टीन येईल, पुस्तकांचं दुकान येईल, पण हिशेब तोच राहील.

तेव्हा नकाशा हातात घेऊन खोल्यांमधून फिरा आणि प्रत्येक खोली मुळात कशासाठी बांधली होती ते पाहा. पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकांचा लेक्चर हॉल प्रायोगिक नाटकाला, कवितावाचनाला, फिल्म सोसायटीला द्या. बैठका उपटून सपाट जमीन करण्याचा मोह टाळा. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ओटे, बेसिन आणि सांडपाण्याची वाट आयती असते, म्हणून ती मातीकामाला किंवा छापचित्रांना सोयीची. मात्र त्याआधी गॅसची जुनी लाइन मुळापासून तोडून घ्या, आणि कपाटात राहिलेल्या आम्लाच्या, पाऱ्याच्या बाटल्या घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच सोपवा. त्या बेसिनमध्ये ओतून मोकळं होणं धोक्याचं आहे. उत्तरेकडे खिडक्या असलेला ड्रॉइंग हॉल चित्रकारांसाठी राखा, कारण तिथला प्रकाश दिवसभर फारसा बदलत नाही. लांब व्हरांडे प्रदर्शनाला छान दिसतात, पण पावसाची झड आणि पश्चिमेचं ऊन तिथे कागदावरचं चित्र टिकू देत नाहीत. तिथे फोटोंच्या प्रती किंवा माहितीफलक लावावेत.

आवाजाची परीक्षा साधी आहे. खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा आणि कान द्या. उंच छताच्या, दगडी भिंतींच्या दालनात टाळी बराच वेळ घुमत राहते. तिथे भजन किंवा समूहगान सुंदर लागेल, पण नाटकातले संवाद एकमेकांत मिसळतील. बोललेलं स्पष्ट ऐकू यायचं तर घुमणं सेकंदाच्या आसपास थांबायला हवं. त्यासाठी फॉल्स सीलिंग मारू नका. त्याने छत झाकलं जातं, वरची गळती दिसत नाही आणि वाशांना वाळवी लागली तरी कळत नाही. जाड पडदे, जमिनीवर सतरंज्या आणि भिंतीपासून थोडे सोडून टांगलेले कापडी फलक यांनी पुष्कळ काम होतं, आणि उद्या हे सगळं काढून घेताही येतं.

आता वजन. अभ्यासवर्गाची जमीन भारतीय मानकांप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण ३०० किलो भारासाठी धरतात. लोक उभे राहतील, नाचतील अशा सभागृहाला हाच आकडा ५०० किलो लागतो. म्हणजे ज्या वर्गात साठ मुलं बाकांवर गप्प बसून शिकली, तिथेच वरच्या मजल्यावर साठ जण लेझीम खेळू लागले तर जमिनीवर येणारा ताण निराळा असतो. ताला‍त पडणाऱ्या पावलांनी तो आणखी वाढतो. लाकडी तुळयांवरच्या मजल्यात तर हे आधी तपासून घ्यायलाच हवं. म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या अभियंत्याला ‘इमारत ठीक आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. कोणत्या खोलीत काय चालणार याची यादी त्याच्या हाती द्या आणि प्रत्येक खोलीत एका वेळी किती माणसं चालतील हे लेखी मागा. तुळयांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे तो टोचून पाहतो की नाही याकडे लक्ष ठेवा, कारण लाकूड कुजतं ते बहुधा तिथूनच. नृत्याचे वर्ग शक्यतो तळमजल्यावर ठेवा.

दुरुस्तीत सर्वांत जास्त नुकसान सिमेंट करतं, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहावंसं वाटतं. जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. त्या पावसाळ्यात ओल घेतात आणि उन्हाळ्यात ती सोडतात. चुना मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे ही ये-जा सुरळीत चालते. वरून सिमेंटचा गिलावा केला, किंवा दगडांच्या दर्जा सिमेंटने भरल्या, की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती आतल्या आत वर चढते, लोणा फुटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि काही वर्षांत दगडाच्या कडाच झिजू लागतात. ठेकेदार म्हणेल की चुन्याला वेळ लागतो, आणि त्याचं म्हणणं खरं आहे. चुना आधी भिजवून मुरवावा लागतो, घाणीत वाळूबरोबर मळावा लागतो आणि लावल्यावर कित्येक दिवस ओलसर ठेवावा लागतो. या कामाचे गवंडी आता कमी राहिलेत, पण आहेत. मंदिरांची, वाड्यांची, किल्ल्यांची कामं केलेल्या माणसाला शोधून आणा आणि आधी एका कोपऱ्यातली हातभर भिंत करून घ्या. एक पावसाळा ती कशी राहते ते पाहा, मग पुढची भिंत. भिंतीला प्लास्टिक पेंट लावू नका, चुन्याचाच रंग द्या.

छताची मात्र वाट पाहू नका. पैसे थोडेच हाती असतील तर ते सगळे कौलं, वासे आणि पन्हळी यांवर घाला, आतलं काम पुढच्या वर्षी करा. इमारतीच्या जुन्या शिपायाला गाठा. कोणत्या कोपऱ्यात दर वर्षी पाणी येतं, कुठली पन्हळ पानांनी तुंबते, कुठल्या खिडकीतून वाऱ्याबरोबर पाऊस आत शिरतो, हे त्याला पाठ असतं आणि ऑडिटच्या अहवालात ते क्वचितच सापडतं. निवृत्त झाला असेल तर घरी जाऊन भेटा आणि त्याला बरोबर घेऊन एक फेरी मारा.

इमारत वारसा यादीत असेल तर दर्जेदार संवर्धन कसं होतं ते पाहायला मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारात जा. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेलं दीक्षान्त सभागृह १८७४मध्ये पुरं झालं. त्याला सर कावसजी जहांगीर यांचं नाव आहे. संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली त्याचं काम झालं आणि २००७मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. राशींची चित्रं असलेली तिथली गोल रंगीत खिडकी पाहिली की अशी काच साध्या सुताराच्या हाती का देऊ नये ते कळतं. शेजारचा राजाबाई टॉवर आणि ग्रंथालय यांचं काम टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने दिलेल्या निधीतून झालं आणि २०१५मध्ये पुरं झालं. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा आणि कला-संस्कृतीचं जतन हा सामाजिक दायित्वाचा विषय म्हणून नोंदलेला आहे, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्याकडेही हे मागणं नेता येतं. इतका निधी हाती नसला तरी एक गोष्ट त्या कामांकडून जरूर घ्या. काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो, मापं आणि दारं-खिडक्या, बिजागऱ्या, फरशा यांची यादी करा. मोडकळीला आलेलं सागवानी दार भंगारात गेलं की परत मिळत नाही.

पणजीचं जुनं गोवा मेडिकल कॉलेज वेगळा धडा देतं. १८४२ साली स्थापन झालेलं हे वैद्यकीय विद्यालय मांडवीकाठच्या या वास्तूत होतं. पुढे कॉलेज बांबोळीला गेलं, आणि २००४मध्ये भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा हा परिसर त्यासाठी सज्ज केला. २०१६पासून डिसेंबरातल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाची मोठी प्रदर्शनं तिथे भरतात. एका ओळीत लागलेल्या खोल्या, मोठ्या खिडक्या, लांब व्हरांडे अशी रुग्णालयाची रचना दालनामागून दालन पाहत जाणाऱ्या प्रेक्षकाला फार सोयीची पडते. महोत्सवासारख्या हंगामी वापराचा फायदा असा की मूळ भिंतीला हात न लावता, स्वतंत्र उभे राहणारे फलक आणि तात्पुरते दिवे वापरून काम भागवता येतं. तुम्हीही एवढ्यावरच सुरुवात करा. उन्हाळ्याच्या सुट्टीत बालनाट्य शिबिर, गणपतीआधी आरासकामाची कार्यशाळा, दिवाळीत चित्रप्रदर्शन, एवढं एक वर्ष तात्पुरत्या सोयीवर करून पाहा. गर्दी कुठे होते, स्वच्छतागृह कुठे कमी पडतं, कोणत्या खोलीला मागणी आहे हे त्यातून आपसूक कळतं आणि मग आराखड्याचे पैसे योग्य ठिकाणी पडतात. फक्त हंगामाच्या पलीकडे वर्षाचे बाकीचे महिने कोणाचे, हा प्रश्न त्या वर्षाच्या शेवटी सोडवायलाच हवा. बंद खोल्यांमध्ये ओल आणि वाळवी फार लवकर घर करतात.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. जमीन शासनाने शैक्षणिक प्रयोजनासाठी दिलेली असेल तर मिळकत पत्रिका आणि मूळ आदेश काढून वाचा. प्रयोजन बदललं तर शर्तभंगाची नोटीस येऊ शकते, म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आधी अर्ज करा. इमारत विद्यापीठाची असेल तर व्यवस्थापन परिषदेचा ठराव लागेल. शैक्षणिक इमारतीचं सभागृह झालं की अग्निसुरक्षेचे निकष कडक होतात. बाहेर पडायची दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, आणि कॉलेजच्या वर्गांची दारं सहसा आत उघडतात. राज्याच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं, तेव्हा तो खर्च नेहमीचाच धरा. वीज कंपनीकडचा मंजूर भार रंगमंचाच्या दिव्यांना पुरेल का ते पाहा, आणि वापर बदलल्यावर दराचा गट बदलतो का तेही विचारा. शैक्षणिक दराने केलेला अंदाज व्यापारी दराने आलेल्या बिलापुढे टिकत नाही.

जुन्या इमारतींचं जोतं उंच असतं. तीन फुटांच्या जोत्याला एकास बारा उताराचा रॅम्प करायचा तर ३६ फूट लांबी लागते, शिवाय मध्ये थांबायला सपाट जागा. ही जागा पहिल्याच नकाशात राखून ठेवा, नाहीतर शेवटी मागच्या दाराला लोखंडी पत्रा टाकून वेळ मारून नेली जाते आणि चाकाच्या खुर्चीतून आलेल्या रसिकाला कोठीघरातून आत शिरावं लागतं. दर्शनी बाजूला, सगळे जिथून येतात तिथूनच त्यांनाही येता यावं, असा आग्रह धरा. स्त्रियांच्या स्वच्छतागृहांबद्दलही असाच आग्रह हवा. मध्यंतर पंधरा मिनिटांचं आणि शौचकूप दोन, हे गणित कुठेच सुटत नाही.

शेजाऱ्यांना सुरुवातीपासून बैठकीत घ्या. अंगणात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि आवारात अजून शाळा भरत असेल किंवा जवळ दवाखाना असेल तर शांतता क्षेत्राचे नियम लागू आहेत का हे पाहावं लागतं. पण नियमापेक्षा गाड्या कुठे लागणार आणि वाद्यवृंदाची तालीम किती वाजता थांबणार हे आधी ठरलेलं असलं की कुरबुर होत नाही. ज्यांच्या दारात हे केंद्र उभं राहतं त्यांच्या मुलांना अभ्यासिकेत जागा मिळाली आणि महिला मंडळाला दुपारी एक खोली मिळाली, तर तेच लोक पुढे इमारतीची राखण करतात. दरपत्रक व्हरांड्यात सर्वांना दिसेल असं लावा. शालेय आणि हौशी संस्थांचा दर वेगळा, कंपन्यांच्या कार्यक्रमांचा वेगळा. लग्नाच्या स्वागत समारंभांना मात्र ठाम नाही म्हणा. त्यात पैसा झटपट दिसतो, पण वर्षभरात मुहूर्ताच्या सगळ्या तारखा त्यातच जातात आणि तालमी बाहेर पडतात.

आता पुन्हा समरहॉल. कलाकेंद्र म्हणून तेरा वर्षं नावारूपाला आल्यावर २०२४मध्ये ती इमारत विक्रीला काढली गेली. कलाविषयक कामासाठी स्वतंत्र धर्मादाय संस्था उभी करून तिच्याकडे मर्यादित मुदतीचा भाडेपट्टा द्यावा लागला. मालक आणि केंद्र चालवणारे यांचं नातं कितीही चांगलं असलं तरी इमारतीवरचा हक्क आणि कार्यक्रमांची जबाबदारी वेगवेगळ्या कागदांवर, वेगवेगळ्या संस्थांकडे असावी, हे पहिल्याच वर्षी करून ठेवायचं काम आहे. आपल्याकडे यात एक विशेष अडचण येते. सार्वजनिक न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. ती खटपट नको म्हणून अकरा महिन्यांचे करार होत राहतात. अकरा महिन्यांच्या भरवशावर कोणती नाट्यसंस्था दिवे, पडदे आणि बैठका यांत पैसे घालेल? म्हणून परवानगीचा अर्ज सुरुवातीलाच करा आणि निदान दहा वर्षांची मुदत मागा.

करारात देखभाल निधीचं कलम स्वतंत्र ठेवा. देणगीदार छतासाठी, सभागृहासाठी, पाटीवरच्या नावासाठी पैसे देतात. पन्हळी साफ करायला आणि रखवालदाराच्या पगाराला सहसा कोणी देत नाही. त्यामुळे प्रत्येक मोठ्या देणगीतला ठरावीक वाटा कायम ठेवीत टाकायचा, असा ठराव देणग्या मागायला निघण्यापूर्वीच मंजूर करून घ्या आणि देणगीपत्रावर तो छापा. मे महिन्यात छताची आणि पन्हळींची पाहणी मालक संस्था आणि चालवणारी संस्था यांनी मिळून करायची, दुरुस्तीचा खर्च कोणत्या मर्यादेपर्यंत कोणी करायचा, आणि मुदत संपल्यावर चालवणाऱ्या संस्थेने बसवलेल्या वस्तूंपैकी कोणत्या तिला परत न्यायच्या, ही यादी कराराला जोडूनच घ्या.